येऊन राहिलं

आमच्या संसारात एकच खुर्ची होती आणि ती तिने छताला टांगली.

हे सांगितलं की लोक हसतात. मीही पुष्कळ वर्षं हसतच सांगत असे. वेताची खुर्ची होती, ह्यांच्या लिहिण्याच्या कामासाठी वाईहून रेल्वेने आणलेली. मला दिवस गेलेत हे आमच्या घरमालकिणीला कळलं, त्याच दुपारी तिने सालदाराला हाक मारली, खुर्ची उचलायला लावली आणि दोरी बांधून ओसरीच्या आड्याला लटकावून दिली. मी म्हटलं, "अहो, खुर्ची ह्यांची आहे, मी त्यावर बसत नाही." ती म्हणाली, "साहेब दुपारी घरी नसते तवा कोन बसते मंग? मी पाह्यते ना." ते खरं होतं. "खुर्चीवर बसून बसून कंबर लाकूड होते. खाली बस. लेकरू झालं का मीच काढून देईन. तू त्याच्यावर लेकरू घेऊन बसजो, अन् मी समोर बसून पाहीन."

त्यानंतरचे सात महिने शेतकी खात्याचे सगळे अहवाल ह्यांनी जमिनीवर मांडी घालून, ट्रंकेवर कागद ठेवून लिहिले. वर खुर्ची वाऱ्याने हळूहळू फिरत असायची.

विदर्भ मुंबई राज्यात आला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ह्यांची बदली तिकडे झाली. गोंदियापासून सात-आठ मैलांवर, कामठ्याच्या पुढे एक गाव. शेतकऱ्यांना जपानी पद्धतीने भात लावायला शिकवायचं, हे ह्यांचं काम. राहायला एका विधवेच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मिळाल्या. मागच्या भागात ती, तिचा पुतण्या, दोन म्हशी आणि धानाची कोठी. पन्नाशी उलटलेली, उंच, हडकुळी बाई. नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि बोलणं असं की समोरच्याला आपण भांडतोय की काय असं वाटावं. मी तिला पहिल्या दिवशी 'बाई' म्हटलं. "बाई तं शाळेत असते. मले मोठीमाय म्हन," ती म्हणाली. सगळं गाव तिला तेच म्हणायचं.

ती सुईण नव्हती. हे सांगायला हवं, कारण पुढे लोकांनी तिला सुईण करून टाकलं. नाळ कापायला, अंग धुवायला गावात सुईण वेगळी होती. मोठीमाय फक्त बायकांना 'तयार' करायची. कशी, ते विचारू नये. ह्यांनी विचारलं होतं. ह्यांना पद्धतीची फार आवड. वही-पेन्सिल घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "पहिल्या महिन्यात काय, दुसऱ्यात काय, असं क्रमाने सांगा. लिहून ठेवू." तिने वही उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "धानाले रांग लागते, साहेब. लेकराले रांग नाही लागत." वहीचं ते पान कोरंच राहिलं.

आणि खरंच तिचं आज एक, उद्या दुसरं. एके दिवशी मला तळ्यापर्यंत दोनदा पिटाळायची, दुसऱ्या दिवशी म्हणायची, उठू नोको. आमच्या मागच्या झोपडीत सालदाराची बायको राहायची, तीही माझ्याच सुमाराला पोटुशी. मला जे करायला सांगितलं असेल त्याच्या नेमकं उलटं तिला सांगायची. मला दळायला बसवायची आणि तिच्या हातातलं जातं काढून घ्यायची. मी एकदा रागानेच विचारलं, "मोठीमाय, असं का? तिला वेगळं आणि मला वेगळं?" तर म्हणाली, "ती दिवसभर कामच करते. तिले बसाची गरज हाय. तू दिवसभर बसते. तुले उठाची गरज हाय. सोपं हाय ना?" मला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. आज वाटतं, इतकं सोपं मला दुसऱ्या कोणी सांगितलं नाही.

महिने ती मोजायची नाही. कितवा लागला म्हणून विचारलं की बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, धानाकडे हात करायची. धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, की लेकरू खाली डोकं करेल. धान पिवळं पडलं की तुझं पोट उतरेल. रोवण्याच्या दिवसांत तर तिने मला चिखलात उतरवलं. ह्यांनी तिच्याच बांधीत दोरी लावून सरळ रांगेत रोवणी करून दाखवायचं ठरवलं होतं, गाव जमलं होतं, आणि ही मला पाचव्या महिन्यात हाताला धरून बांधीत घेऊन आली. "अर्धी रांग लाव. मंग धुऱ्यावर उकिडवी बस. मंग अर्धी रांग." मी बांधावर उकिडवी बसले आणि ह्यांचा चेहरा पडला. साहेबाची बायको चिखलात. पण गंमत अशी झाली की साहेबाची बायको दोरीने लावते म्हटल्यावर त्या वर्षी गावातल्या चार-पाच जणांनी दोरीने धान लावलं. ह्यांच्या अहवालात त्याचं श्रेय जपानी पद्धतीला गेलं.

तिची एक खोड मात्र भयंकर होती. मी कुठेही असो, चुलीपुढे, न्हाणीत, देवापुढे, ती मागून पावलांचा आवाज न करता यायची आणि कानाशी पितळी थाळी वाजवायची. मी दचकायची, खांदे वर जायचे, दात आवळले जायचे. "पुन्हा," ती म्हणायची, आणि निघून जायची. परत दुपारी. परत संध्याकाळी. मी रडले तिच्यावर, एकदा पाणी फेकलं. ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "दचकली तरी चालते. पन तोंड आवळू नोको. वरचं दार आवळलं का खालचंबी आवळते. तोंड ढिलं सोड, 'हूं' म्हन, पोटातून." आश्विनापर्यंत मी अशी झाले की थाळी वाजली तर मान न वळवता 'हूं' म्हणायची आणि पोळी उलटायची. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. तिला वरचे दोन दात नव्हते हे मला त्या दिवशी कळलं.

"हे सगळं शिकलात कुठे?" मी विचारलं.

"म्हशीजवर."

ती थट्टा करत नव्हती. तिला मूल झालं नव्हतं. नवरा लवकर गेला. गोठा मात्र कायम भरलेला. "म्हैस व्याले आली का कोपरा धरते," ती म्हणायची. "कोनी पाह्यत असलं तं थांबून जाते. भ्यायली तं थांबून जाते. बाईबी तशीच." म्हणून कोणाचीही वेळ आली की मोठीमाय त्या खोलीत जायची आणि बाळंतिणीकडे पाठ करून दाराशी बसायची. हातात काहीतरी निवडायला घ्यायची. मागे वळून बघायची नाही. नुसत्या आवाजावरून तिला समजायचं कुठवर आलंय ते. मूल रडलं की मगच ती वळायची. पहिलं तोंड तिने बघायचं, असा तिचा हक्कच होता म्हणा ना. एवढ्यासाठीच ती सगळा खटाटोप करायची असं मला वाटतं.

डॉक्टरशी तिचं वैर नव्हतं. एका बाईच्या पोटाला हात लावून तिने सांगितलं होतं, लेकरू आडवं आहे, आजच गोंदियाला न्या. बंडी तिने स्वतः जुंपून दिली. अडकलेल्याला ती 'अटकलं' म्हणायची. हा शब्द लक्षात ठेवायला हवा.

आणि दुसराही एक. आम्ही गावात आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. मी सालदाराला विचारलं, मोठीमाय कुठे आहेत? तो म्हणाला, "येऊन राहिली." मी घरभर शोधलं. कोठीत पाहिलं, गोठ्यात पाहिलं. आमच्याकडे 'येऊन राहिली' म्हणजे आली आणि मुक्काम ठोकला. ही कुठे राहिली मग? पाव तासाने ती तळ्याकडून डोक्यावर घागर घेऊन येताना दिसली. तिकडे 'येऊन राहिली' म्हणजे येते आहे. ह्यांच्या ऑफिसात शिपायाने 'मोठे साहेब येऊन राहिले' म्हटल्यावर हे टोपी घालून धावत बाहेर गेले, तर रस्ता मोकळा. पंधरा दिवस आम्ही दोघं या एका शब्दावर हसत होतो. सात महिन्यांत आईला मी नऊ पत्रं लिहिली. उन्हाळा लिहिला, पाणी लिहिलं, टांगलेली खुर्ची लिहिली. हे तेवढं लिहायचं राहून गेलं.

कार्तिकात सालदाराची बायको बाळंत झाली. मी तिच्या झोपडीबाहेर अंगणात बसले होते. आतून तिचं 'हूं' ऐकू येत होतं, लांब, सावकाश. मग मोठीमायचा आवाज आला, "येऊन राहिलं. येऊन राहिलं." आणि थोड्या वेळाने मूल रडलं. एवढंच. मला वाटलं होतं आरडाओरडा असेल. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "मी इथेच बाळंत होणार. आईला येऊ दे, पण मी इथेच." हे म्हणाले, "विचार कर." मी म्हटलं, केला.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण पुढे एवढ्या लांबच्या प्रवासाला सगळ्यांनीच नको म्हटलं, म्हणून आई आली. दोन गाड्या बदलून, डब्यात मेतकूट आणि डिंकाचे लाडू घेऊन, माझ्या काळजीने अर्धी झालेली. नऊच दिवस आधी. तिने वर टांगलेली खुर्ची पाहिली आणि लाडवांचा डबा फळीवर ठेवला. मोठीमायने तिच्यासमोर माझ्या कानाशी थाळी वाजवली तेव्हा मात्र ती ताडकन उठून उभी राहिली. "अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" मोठीमाय मला म्हणाली, "तुझी माय खूप आवळून बसते." आईला ते समजलं नाही, ते बरंच झालं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, चहा व्हायच्या आत, कळा सुरू झाल्या. सालदार सुईणीकडे धावला. परत येऊन त्याने सांगितलं, "येऊन राहिली." आई दारापर्यंत गेली, इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही. आत येऊन म्हणाली, "आली म्हणतात आणि कुणाचा पत्ता नाही. काय माणसं आहेत." मी तेव्हा सांगू शकले असते. दोन कळांच्या मध्ये पुष्कळ वेळ होता. पण मला तेव्हा हसूच आलं.

सुईण वेळेवर पोचलीच नाही. मोठीमाय आली, लाखोळीच्या भाजीची टोपली घेऊन दाराशी माझ्याकडे पाठ करून बसली आणि पानं निवडायला लागली. आईने ते पाहिलं. लेक कण्हतेय आणि ही बाई पाठ फिरवून भाजी निवडतेय. मी खाली उकिडवी, हाताने खुंटीची दोरी धरलेली, तोंड ढिलं. सगळं जसं शिकवलं तसं चाललं होतं. मग एक कळ अशी आली की मला वाटलं आपण आता दोन भाग होऊन पडणार. माझं 'हूं' बदललं असावं. मोठीमाय न वळता, शांतपणे म्हणाली, "येऊन राहिलं."

आईने ते ऐकलं. "येऊन राहिलं?" ती म्हणाली. "म्हणजे अडलं?"

"येऊन राहिलं," मोठीमाय म्हणाली.

आई बाहेर धावली. ओसरीवर ह्यांना म्हणाली, "मूल येऊन अडलंय. ती बाईच सांगतेय. गाडी काढा, दवाखान्यात चला." हे तो शब्द ओळखून होते, पण कानात आधी आईचं 'अडलंय' घुसलं होतं, मोठीमाय पुढे काय म्हणाली ते आत शिरलंच नाही. हे दारात आले, पांढरेफटक. मोठीमायला विचारलं, "अडलंय?" ती गोंधळली. "काय अडलं? येऊन राहिलं म्हटलं मी. येऊन राहिलं ना." आई म्हणाली, "बघा, परत तेच सांगतेय." मोठीमायने आवाज चढवून तिसऱ्यांदा तेच सांगितलं. अडलं असतं तर ती 'अटकलं' म्हणाली असती; येतंय यासाठी तिच्याजवळ दुसरा शब्द नव्हता.

माझ्याजवळ होता. हे भेदरलेले, आणि त्या खोलीत दोन्ही बोली समजणारी मी एकटी उरले होते. 'आई, येतंय म्हणतायत त्या' एवढं म्हणायचं होतं. मी नाही म्हटलं. कळेमुळे बोलता आलं नाही असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. ती कळ ओसरली होती. खरं असं की मी भ्याले. सात महिने तिच्याबरोबर राहिले, दळलं, चिखलात उतरले, आणि ऐन वेळी मला वाटलं की म्हशीजवळ शिकलेल्या बाईच्या भरवशावर आपण जीव टाकलाय. आई दवाखाना म्हणाली आणि माझ्या मनाने तो शब्द घट्ट धरला. मला दवाखान्यात जायचं होतं. ते माझ्या तोंडून निघण्यापेक्षा आईच्या चुकीने होत असेल तर बरंच, असा हिशेब त्या अवस्थेतही माझ्या डोक्यात झाला. म्हणून मी गप्प बसले.

बाहेर चार माणसं जमली होती. त्यांच्यासमोर हे तिला म्हणाले, "तुम्ही आता हात लावू नका." ह्यांनी आयुष्यात कुणाला याहून कठोर बोललेलं मी ऐकलं नाही.

तिने हात लावला नाही. पण बंडीत तणीस जाड अंथरलं ते तिनेच, आणि बंडीच्या वरच्या कमानीला दोरी बांधली तीही तिनेच, मला धरायला. मग बंडी निघाली. ती मागून चालत आली, तळ्याच्या पाळीपर्यंत. तिथे थांबली. मी पाहत होते. तिने आमच्याकडे पाठ केली आणि पाळीवर बसली. तेव्हा वाटलं, रागावली. ती रागावली नव्हती. मूल अजून व्हायचं होतं, आणि तोवर पाठ करून बसायचं, हे तिचं कामच होतं. ती किती वेळ तशी बसली ते मला माहीत नाही.

बंडी हलली आणि कळा थांबल्या. अगदी तिने सांगितलं होतं तसं, भ्यायलेल्या म्हशीसारखं. आई म्हणाली, "बघ, अडलंच होतं." तास-दीड तास काही नाही. मग गोंदियाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं, ते बंद. मालगाडी उभी, हलेना. आणि तिथे सगळं पुन्हा सुरू झालं, एकदम. आई म्हणत होती, "दातओठ आवळून धर बाळा, दवाखाना आला." मी वरची दोरी धरली, उकिडवी झाले, तोंड ढिलं सोडलं. मालगाडीच्या इंजिनाने शिट्टी दिली, अगदी कानाशी. आई दचकली, बैल दचकले. मी 'हूं' म्हटलं.

फाटकवाल्याची बायको धावत आली. तिच्याच हातात माझी मुलगी आली, दुपार व्हायच्या आत, धडधाकट. नाळेची व्यवस्था तिनेच केली. मला पुसता पुसता ती म्हणाली, "बेटी, मुँह खुला रखना किसने सिखाया? पहली बार में तो सब दाँत भींचती हैं." आई शेजारी बसली होती, रडत होती, देवाचं नाव घेत होती. मी उत्तर दिलं नाही. एका दिवसात दुसऱ्यांदा.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं ठीक म्हणाल्या. आईने त्यांना सांगितलं, गावातली बाई मूल अडलं म्हणाली, देवाने तारलं. तीच गोष्ट आईने भेटायला येणाऱ्या सगळ्यांना सांगितली. ती खोटं बोलत नव्हती. ह्यांनी गोंदियातच खोली घेतली आणि एक दिवस जाऊन गावातलं सामान बंडीत घालून आणलं. बरोबर सालदार आला होता. सामानात खुर्ची होती. तिचं वेत दोन ठिकाणी उसवलेलं होतं, ते नवं विणून घेतलेलं होतं. मी विचारलं, "मोठीमाय काही म्हणाली?" सालदार म्हणाला, "नाही. खुर्ची तेवढी तिनंच काढली."

त्यानंतर तो धान घेऊन गोंदियाच्या बाजारात आला की आमच्याकडे डोकावायचा. त्याच्याकडून कळत गेलं. गावात बोभाटा झाला की मोठीमायने अडलं म्हटलं आणि वाटेत सहज झालं, म्हणजे म्हातारीला आता समजत नाही. बायका तिच्याकडे यायच्या बंद झाल्या. "ती सांगते, मी बराबर बोलली होती. पन लोक म्हनते, बराबर असतं तं साहेबाच्या बाईनं सांगितलं नसतं का?" तो हे मला चहा पिता पिता सांगायचा, अगदी साधेपणाने. तो मला दोष देत नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं की मला ठाऊक होतं.

मी सव्वादोन वर्षं गोंदियात होते. सात-आठ मैल. आई महिन्याभराने वाईला परत गेली, तेव्हा वाटलं आता जाऊन सांगावं. मग मुलगी लहान, मग उन्हाळा, मग रस्ता खराब. एकदा बाजारात ती मला दिसली. मिरच्यांच्या ढिगापाशी भाव करत होती, तसाच भांडणाचा आवाज. मी कडेवर मुलीला घेऊन दहा पावलांवर होते. मी बांगड्यांच्या दुकानाकडे वळले आणि आवाज दूर जाईपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. तिने मला पाहिलं असेल तर तेवढी पाठच पाहिली असेल.

दुसऱ्या खेपेला मी माहेरी गेले. वाईत, आईच्या माजघरात. आई दाराशी उभी, तोंड आवळून. ऐन वेळी माझ्याच तोंडून निघालं, "आई, येऊन राहिलं." ती घाबरून पुढे आली, "अडलं?" मी म्हटलं, "नाही गं. येतंय. त्यांच्यात येतंय याला येऊन राहिलं म्हणतात." मुलगा झाला. संध्याकाळी आई माझ्या उशाशी येऊन बसली. म्हणाली, "मग तेव्हाही?" मी म्हटलं, तेव्हाही. "तुला समजलं होतं?" मी हो म्हटलं. ती उठून दिवा लावायला गेली. दुसऱ्या दिवशी तिने पेटीतलं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं आणि म्हणाली, "हे त्या बाईंना दे. माझ्या हातून चूक झाली म्हणून सांग." चूक तिची एवढीच की तिला ती बोली येत नव्हती.

ह्यांची बदली पुन्हा साताऱ्याकडे झाली, तेव्हा निघायच्या आधल्या दिवशी मी त्या गावी गेले. धाकट्याला शेजारी ठेवलं, मुलीला बरोबर घेतलं. चैत्र संपत आला होता. मोठीमाय अंगणात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती, दाराकडे पाठ. मी 'मोठीमाय' म्हटलं. सुपाचा आवाज जरा थांबला, मग परत सुरू झाला. ती वळली नाही.

मी लुगडं तिच्या बाजूला ठेवलं. आईचा निरोप सांगितला. मग म्हटलं, "मोठीमाय, तुम्ही काय म्हणालात ते मला तेव्हा समजलं होतं."

"समजलंच असन," ती म्हणाली. "सात महिने माझ्याजवर होती." थोडं पाखडून झाल्यावर म्हणाली, "मंग बोलली काऊन नाही?"

"भ्याले."

"हाव," ती म्हणाली. मला वाटलं, झालं. मग ती म्हणाली, "पन मले कायले सांगून राहिली? मले तं ठाऊकच होतं. गावाले सांगाचं होतं."

पुतण्याची नवी बायको दारात उभी होती, पोटुशी. मी तिला सांगितलं, अगदी ठासून, की माझ्या वेळेला मोठीमाय बरोबर होत्या, चूक आमची होती, तू त्यांचं ऐक. ती पोरगी नम्रपणे हसली. म्हणाली, "आता गावात दवाखान्याची नर्स येते ना, बाई. दर बुधवारी." मोठीमायने सूप झटकलं.

माझी मुलगी एवढा वेळ माझ्या पदराला धरून होती. ती सुटली, डाळीला वळसा घालून पुढच्या बाजूला गेली आणि मोठीमायच्या समोर उभी राहिली. मोठीमायचे हात थांबले. तिने तिच्याकडे पाहिलं असणार. मला तिची पाठ दिसत होती आणि पाठीपलीकडे माझ्या मुलीचा चेहरा, जो आधी गंभीर होता आणि मग हसला. मोठीमायने तिच्या मुठीत काहीतरी दिलं. काय ते मुलीने घरी येईपर्यंत दाखवलं नाही. डाळच होती, चिमूटभर.

मी वाट पाहिली. आता ती वळेल असं मला अगदी शेवटपर्यंत वाटत होतं. बाहेर बंडीवाल्याने बैल उठवले. मी मुलीला बोलावून घेतलं आणि अंगणाबाहेर पडले. मागून पुतण्याच्या बायकोने विचारलेलं ऐकू आलं, "चहा मांडला होता, पाहुनी चालली का?"

"हाव," मोठीमाय म्हणाली. "जाऊन राहिली."

तिच्या बोलीत त्याचा अर्थ निघालीय, जातेय. माझ्या मराठीत त्याचा अर्थ, गेली आणि तिकडचीच झाली. मला दोन्ही समजलं. याही वेळी मी काही बोलले नाही.